बंदुकीचा धक्का, खांदा आणि रबराची गादी



आधी एक खुलासा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार संपली. रानडुकराने तुरीचा फडशा पाडला किंवा रोह्यांनी कापूस तुडवला, तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. त्यामुळे हा लेख शिकार शिकवणारा नाही. पण गडचांदूर, कोरपना, राजुरा या पट्ट्यात काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक अजून आहे. काहींच्या घरची मुलं-मुली पोलीस भरतीनंतर रायफल खांद्याला लावतात. तेव्हा ‘बंदूक फार धक्का देते, मागून कोणतं रबर लावावं?’ हा प्रश्न डॉक्टरलाही विचारला जातो. त्याचं उत्तर इतिहासातून नीट कळतं, म्हणून थोडं मागे जाऊ.

आपला हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वर्धा नदीपलीकडचा चांदा जिल्हा ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात. दोन्हीकडे जंगल एकच, आणि त्यात वाघाबरोबर रानगवेही होते. पूर्वेला, आजच्या गडचिरोलीकडे, रानम्हशीही होत्या. मोठा रानगवा नऊशे किलोपर्यंत भरतो. एकोणिसाव्या शतकात बंदुकीत काळी दारू ठासत. तिची अडचण अशी की एका मर्यादेपुढे कितीही दारू भरली तरी गोळीचा वेग फारसा वाढत नाही. मग मोठ्या जनावरासाठी एकच उपाय उरतो : गोळीच जड करा. ‘फोर बोअर’ बंदुकीची शिशाची गोळी पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची असे. हातात घेऊन बघा, मोठ्या लिंबापेक्षा जड लागेल.

शाळेत न्यूटनचा तिसरा नियम शिकताना बंदुकीचंच उदाहरण असतं. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. गोळी जड, दारू जास्त, तर मागे येणारा धक्काही तितकाच मोठा. हिशेब केला तर जुन्या लष्करी थ्री-नॉट-थ्री रायफलीचा धक्का साधारण १६ जूल येतो, बारा बोअरचा जवळपास दुप्पट, आणि फोर बोअरचा थ्री-नॉट-थ्रीच्या दसपट किंवा त्याहून जास्त. सॅम्युएल बेकर नावाच्या इंग्रज शिकाऱ्याकडे अर्ध्या पौंडाचा गोळा फेकणारी वीस पौंड वजनाची बंदूक होती. तिचं लाडाचं नाव ‘बेबी’! ती झाडली की आपण गरकन फिरतो, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एवढा धिप्पाड माणूस, पण ती बंदूक उचलायला तोही कचरायचा.

मला त्याच्यापेक्षा फ्रेडरिक सेलूसची हकीकत जास्त महत्त्वाची वाटते. १८७० च्या दशकात आफ्रिकेत तो फोर बोअर घेऊन हत्तींमागे पायी फिरला. एकदा त्याच्या नोकराने चुकून दोनदा दारू भरली आणि बंदुकीने सेलूसलाच उडवून पाडलं, गाल फाटला. ती जखम भरली. पण पुढे त्याने कबूल केलं, की या बंदुकांच्या माराने त्याच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला, नेम कायमचा बिघडला, आणि त्या हातात घेतल्याचाच पश्चात्ताप होतो.

डॉक्टर म्हणून मी या कबुलीला फार मान देतो. खांद्यावरचा काळा-निळा डाग दहा-बारा दिवसांत जातो, पण मेंदू धक्का विसरत नाही. पुढच्या वेळी घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, हात झटका देतो आणि नळी खाली जाते. हे भित्रेपण नव्हे. तापलेल्या तव्याला एकदा हात लागल्यावर तो आपोआप मागे येतो, त्याच जातीची ही शिकलेली प्रतिक्रिया आहे. धोका असा, की गोळी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. आपल्या शेतांत रात्री जागलीला माणसं असतात, हे वेगळं सांगायला नको.

पुढे धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली आणि गोळी लहान, पण वेगवान झाली. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या बंदुकांवर बंदी घातली. कारण मजेशीर आहे : त्या गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांच्या कामी येतील ही भीती! मग कारखानदारांनी .४६५, .४७० अशा नव्या मापांच्या रायफली पुढे आणल्या. धक्का मात्र थ्री-नॉट-थ्रीच्या चार-पाच पट राहिलाच, आणि साहेब लोकांच्या रायफलींच्या दस्त्याला लाल रबराची गादी दिसू लागली. लंडनच्या सिल्व्हर कंपनीची गादी त्यात नावाजलेली. गरीब शिपायाच्या वाट्याला मात्र पितळी किंवा लोखंडी पट्टीच.

ही गादी नेमकं काय करते? धक्का नाहीसा करत नाही. कापसाच्या गंजीवर उडी मारली आणि ओसरीच्या फरशीवर मारली, तर शरीराचा वेग दोन्हीकडे सारखाच असतो. गंजी थांबायला जास्त वेळ देते, एवढाच फरक. गादीही धक्का लांबवते आणि मोठ्या जागेवर पसरवते. म्हणून अरुंद, कडक गादी दिसायला कितीही छान असली तरी उपयोगाची नाही.

निवडताना माझ्या मते मऊपणाच्या आधी मापाकडे बघा. जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचे दस्ते आखूड, मध्यम, लांब अशा मापांत येत आणि लाकडावर तशी अक्षरं ठोकलेली असत. बुटासारखंच हे, माप चुकलं की चावणारच. एक इंचाची गादी लावली की दस्ता एक इंच लांब होतो. बेताच्या उंचीच्या माणसाला, विशेषतः मुलींना, मग तो खांद्याच्या खळग्यात नीट बसत नाही, दंडावर सरकतो, आणि गादी असूनही मार जास्त बसतो. अशा वेळी आधी लाकूड तेवढं कमी करून घ्यावं, आणि तेही परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच. दस्ता गळ्याच्या हाडावर नको, दंडावर नको. छातीच्या स्नायूच्या वरच्या, मांसल खळग्यात हवा. खांद्याच्या पुढच्या बाजूला चोचीसारखं एक लहान हाड असतं. सतत नेमबाजी करणाऱ्यांत वारंवारच्या माराने त्याला तडा गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

बंदूक जुनी असेल तर अंगठ्याने गादी दाबून बघा. आपल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो; जुनं रबर त्यात लाकडासारखं कडक होतं, भेगाळतं. बंदुकीचं तेल लागलं तर फुगतं. अशी गादी असून नसल्यासारखी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही मोठा रक्तसाका होऊ शकतो. पेसमेकर असलेल्यांनी, तो दस्ता टेकवण्याच्याच बाजूला असेल तर, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंदूक उचलूच नये. वारंवारच्या धक्क्याने त्याची तार तुटू शकते.

आता जे गादीने अजिबात होत नाही, ते. १८६० मध्ये लंडनचे कानाचे डॉक्टर जोसेफ टॉयन्बी यांनी नोंदवलं, की उजव्या खांद्यावरून बंदूक झाडणाऱ्याचा डावा कान आधी जातो. कारण सरळ आहे : नेम धरताना डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. १४० डेसिबलपुढचा एकच आवाज कानाला इजा करू शकतो, आणि रायफलीचा आवाज सहज दीडशेच्या वर जातो. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच स्वर जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट ऐकू येत नाहीत, नातवंडं पुटपुटतात असं वाटू लागतं.

गादीमुळे खांदा दुखत नाही, म्हणून माणूस जास्त गोळ्या झाडतो आणि कान जास्त खातो, हा उलटा परिणाम लक्षात ठेवा. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ‘ब्रेक’ लावतात, तो तर आवाज झाडणाऱ्याकडेच परतवतो. दोन्हींत निवडायचं तर मी गादीच सुचवेन. कापसाचा बोळा आपल्याकडे हमखास घालतात, त्याने फारसं काही होत नाही. फोमचे इअरप्लग आणि वरून कानावरचे मफ, दोन्ही वापरा. आवाजानंतर कान बंद झाला, शिट्टी वाजत राहिली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. औषधाचा काही उपयोग झाला तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो.