पुणेरी पलटणचा विजयी मोसम आणि टाकळीभानचा कर्णधार

नेवासा, वार्ताहर – नेवाशाहून श्रीरामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर टाकळीभान हे गाव लागते. श्रीरामपूर तालुक्यातील या गावचा अस्लम इनामदार १ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली येथील क्रीडा संकुलात प्रो कबड्डी लीगचा करंडक उंचावत होता. त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण संघाने हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पहिलेवहिले विजेतेपद मिळविले. दहाव्या मोसमातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा बहुमानही त्यालाच मिळाला. अंतिम सामन्याची चर्चा त्या रात्री गावोगावी झाली. मात्र हे यश एका रात्रीचे नव्हते. त्यामागे तीन महिन्यांची अखंड धावपळ, मागील वर्षीच्या पराभवाची सल आणि संघ बांधणीचा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

व्यावसायिक संघाचा मोसम म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडील कबड्डी रसिकांना तशी नवीन आहे. गावच्या यात्रेतील किंवा मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्पर्धा दोन-चार दिवसांत आटोपतात. एक सामना हरला की संघ घरी जातो. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका मोसमात १६२ साखळी सामने खेळतो. तेथे एका पराभवाने काही बिघडत नाही, परंतु सातत्य सुटले की संघ मागे पडतो. प्रो कबड्डीने हीच पद्धत लहान प्रमाणावर आणली. दहाव्या मोसमात १२ संघ होते. प्रत्येकाने उर्वरित ११ संघांशी दोनदा लढत दिली. म्हणजे बाद फेरीपूर्वीच प्रत्येक संघाच्या वाट्याला २२ सामने आले.

तळापासून सुरुवात

प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी झाला. पुणेरी पलटण हा त्या मूळ आठ संघांपैकी एक. पहिल्या दोन्ही मोसमांत हा संघ गुणतालिकेत तळाला राहिला. तिसऱ्या आणि चौथ्या मोसमात त्याने तिसरे स्थान मिळविले, पण अंतिम फेरी दूरच राहिली. महाराष्ट्राचा दुसरा संघ यू मुंबा याने २०१५ मध्ये दुसऱ्याच मोसमात विजेतेपद पटकाविले होते. त्यामुळे पुण्याच्या पाठीराख्यांना ही उणीव अधिकच जाणवत होती.

२०२२ च्या नवव्या मोसमासाठी बी. सी. रमेश यांच्याकडे प्रशिक्षकपद आले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून देणारे हेच प्रशिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पलटणने उपांत्य सामन्यात तमिळ थलैवाजला ३९–३७ असे नमवून प्रथमच अंतिम फेरी गाठली. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या त्या सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने त्यांना ३३–२९ असे हरविले. अवघ्या चार गुणांनी करंडक हुकला.

लिलावातील निर्णय

या पराभवानंतर संघ मोडून नव्याने बांधण्याचा मार्ग खुला होता. व्यवस्थापनाने तो पत्करला नाही. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश नादराजन आणि गौरव खत्री हा तरुण संच त्याने राखून ठेवला. नवव्या मोसमाचा कर्णधार, इराणचा अनुभवी बचावपटू फझल अत्राचली याला मात्र मोकळे करण्यात आले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर पाच कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती. पलटणने त्यातील २ कोटी ३५ लाख रुपये एकाच खेळाडूवर, इराणच्या मोहम्मदरझा शादलुई याच्यावर लावले. लीगमधील तोपर्यंतचा तो सर्वांत महागडा परदेशी खेळाडू ठरला. मर्यादेच्या निम्म्याजवळ जाणारी ही रक्कम अनेकांना धाडसाची वाटली. परंतु चढाईची बाजू एकमेकांना ओळखणाऱ्या तरुणांनी भरलेली असल्यामुळे उणीव होती ती डाव्या कोपऱ्यावरील भक्कम पकडीची. ती या खरेदीने भरून निघाली.

योगायोग असा, की लिलावाच्या काही दिवस आधीच, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचा वादग्रस्त अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला होता. भारताने तो ३३–२९ असा जिंकला. सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे होते, तर समोरच्या संघात शादलुई. दोन महिन्यांच्या आत हे तिघे एकाच रंगाची जर्सी घालून मैदानात उतरले. नेतृत्वाची धुरा अस्लमकडे सोपविण्यात आली. त्या वेळी त्याचे वय होते २४ वर्षे.

बावीस सामन्यांचा हिशेब

दहावा मोसम २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे सुरू झाला. तेथून बंगळुरू, पुणे, चेन्नई, नोएडा, मुंबई, जयपूर, हैदराबाद, पाटणा, दिल्ली, कोलकाता आणि पंचकुला असा १२ शहरांचा प्रवास झाला. पलटणची सलामीच गतविजेत्या जयपूरशी पडली. तो सामना ३७–३३ असा जिंकून संघाने अंतिम फेरीतील पराभवाची परतफेड केली.

गुणपद्धती अशी होती : विजयाला पाच गुण, बरोबरीला प्रत्येकी तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास पराभूत संघाला एक गुण. पलटणने २२ पैकी १७ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडविले आणि दोन गमावले. विजयांचे ८५ आणि बरोबरींचे नऊ मिळून ९४ गुण होतात. संघाचे एकूण गुण मात्र ९६ आहेत. याचा अर्थ दोन्ही पराभवांतही त्यांनी फरक सातच्या आत ठेवला होता. संपूर्ण साखळीत एकाही संघाला पलटणला मोठ्या फरकाने हरविता आले नाही. त्यांच्या मोसमाचे याहून बोलके मोजमाप नाही. जयपूर ९२ गुणांसह दुसऱ्या स्थानी राहिले.

या सातत्याचे गमक खेळाच्या रचनेत होते. चढाईला ३० सेकंद मिळतात. सलग दोन चढाया रित्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. अनेक संघ अशा वेळी एकाच भरवशाच्या खेळाडूकडे पाहतात. तो बाद होऊन बाहेर बसला की संघावर लोण चढतो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात. पलटणकडे अस्लम, मोहित, पंकज आणि आकाश असे चार चढाईपटू होते. त्यांतील अस्लम आणि मोहित पकडही करीत. त्यामुळे एक बाहेर गेला तरी दुसरा पुढे येत असे. मोसमातील सर्वाधिक चढाई गुणांचा मान दबंग दिल्लीच्या आशू मलिकला मिळाला, पलटणच्या कोणाला नव्हे. पकडीत मात्र शादलुईने ९९ गुणांसह अव्वल स्थान मिळविले. त्याच्या भोवती गौरव, अबिनेश आणि संकेत यांची फळी उभी होती.

हैदराबादची रात्र

गुणतालिकेतील पहिल्या दोन संघांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश होता. पलटणने तेथे तीन वेळच्या विजेत्या पाटणा पायरेट्सला ३७–२१ असे सहज नमविले. दुसऱ्या बाजूने पाचव्या क्रमांकावरील हरियाणा स्टीलर्सने आधी गुजरात जायंट्सला आणि नंतर जयपूरला (३१–२७) धक्का देत प्रथमच अंतिम फेरी गाठली.

अंतिम सामन्यात दोन्ही संघांनी सावध पवित्रा घेतला. बचाव भक्कम असल्याने गुण मोजूनमापून मिळत होते. पूर्वार्धाच्या अखेरीस पंकज मोहिते याने एकाच चढाईत चौघांना टिपले आणि मध्यंतराला पलटणकडे १३–१० अशी आघाडी आली. पुढे हरियाणाने अंतर कमी केले, पण ही तीन गुणांची तफावत अखेरपर्यंत भरून निघाली नाही. पंकजने एकूण नऊ गुण मिळविले.

जिल्ह्याच्या दृष्टीने या सामन्याला आणखी एक पदर होता. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पुढे आलेला शिवम पटारे हा त्या रात्री हरियाणाच्या बाजूने चढाया करीत होता. म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या कबड्डी सामन्यात दोन्ही अंगणांत नगरची मुले होती. विजेत्यांना तीन कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्याच मार्च महिन्यात नगरच्या वाडिया पार्कवर ७० वी राष्ट्रीय पुरुष कबड्डी स्पर्धा भरली.

विजेतेपदानंतर

व्यावसायिक खेळात संघ फार काळ एकत्र राहत नाही. पुढच्याच लिलावात शादलुई २ कोटी ७ लाख रुपयांना हरियाणाकडे गेला. त्याहून मोठा आघात अकराव्या मोसमाच्या मध्यावर झाला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे अस्लमला मोसम अर्धवट सोडावा लागला. कर्णधाराविना खेळणारा गतविजेता संघ आठव्या स्थानी फेकला गेला आणि बाद फेरीलाही पात्र ठरला नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवून करंडक नेला. त्या विजयी संघात शादलुई होता आणि शिवम पटारेही.

अस्लम बाराव्या मोसमात कर्णधार म्हणून परतला. अजय ठाकूर यांच्या प्रशिक्षणाखाली पलटणने पुन्हा गुणतालिकेत पहिले स्थान मिळविले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात मात्र दबंग दिल्लीने त्यांना ३१–२८ असे रोखले. चार मोसमांत तीन वेळा अंतिम फेरी आणि एक विजेतेपद, असा हा हिशेब आहे.

नेवासा आणि श्रीरामपूर परिसरात आजही संध्याकाळी शाळांच्या मैदानांवर मातीत कबड्डी रंगते. पूर्वी या मुलांपुढे मोठी वाट होती ती पोलीस दल, रेल्वे किंवा बँकेच्या संघातून मिळणाऱ्या नोकरीची. ती आजही भरवशाची आहे. तिच्या जोडीला लिलावाची दुसरी वाट तयार झाली आहे. ती अधिक पैसा देते, पण निवृत्तिवेतन देत नाही, आणि एका गुडघ्याच्या दुखापतीने अडते. मॅटवर खेळण्याचा सराव, शास्त्रशुद्ध व्यायाम आणि दुखापतीवर वेळेत उपचार यांची सोय तालुक्याच्या गावी झाली, तर या वाटेवरची जोखीम कमी होईल. टाकळीभानच्या कर्णधाराने २०२३–२४ मध्ये ही वाट कोठवर जाते ते दाखविले, आणि पुढच्याच वर्षी ती किती निसरडी आहे तेही.