माशाची पैमाईश

मुलताईच्या परिसरात उगम पावलेली वर्धा गोदावरीच्या परिवारात जाऊन पूर्वसमुद्राकडे वळते, आणि त्याच सातपुड्यातून उतरलेली पूर्णा अमरावती-अकोल्याची काळी जमीन ओलांडून चांगदेवापाशी तापीस मिळते व पश्चिमसमुद्राची वाट धरते. त्यामुळे वऱ्हाडात दोन भिन्न जलकुलांचे मासे शेजारी नांदतात, आणि त्यांतील सख्ख्या जाती निराळ्या कशा ओळखाव्यात हा प्रश्न येथे केवळ पंडितांपुरता उरत नाही.

दख्खनपुरता या प्रश्नाचा दप्तरी आरंभ पुणे प्रांतात झाला. वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली असताना, मुंबई सरकारने दख्खनच्या मुलखाची आकडेवारी जमविण्यासाठी नेमलेला विल्यम साइक्स हा लष्करी अधिकारी माणसे, पिके आणि महसूल टिपता टिपता मासेही टिपीत गेला, आणि 1839 साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनांत त्याने ‘खुद्री’सारखी स्थानिक नावे शास्त्राच्या वहीत कायम केली. पुढे 1875 ते 1878 या काळात फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने आपल्या महाग्रंथात महाशिर या गोड्या पाण्यातील माशाच्या अनेक जाती एकाच नावाखाली आणल्या. तो गुंता मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात मापांच्या आधारे उकलला.

माशाची लांबी वयाबरोबर वाढते, म्हणून ती एकटी साक्षीस उभी राहत नाही. परंतु मुस्कटाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणाच्या कडेपर्यंतचे डोके आणि पाठीपासून पोटापर्यंतची अंगाची उंची ही मापे परस्परांशी ताडली, तर महाशिरांपैकी हिमालयी पुटिटोरात डोके उंचीहून मोठे, नर्मदा-तापीच्या टोरात लहान, आणि दख्खनी खुद्रीत जवळजवळ तितकेच भरते. पिलू आणि प्रौढ यांचे प्रमाण मात्र सारखे नसते, म्हणून तुलना समवयस्कांचीच करावी लागते. 1982 साली स्ट्रॉस आणि बुकस्टीन यांनी अंगावरील ठरावीक खुणा एकमेकींशी जोडून सबंध आकृतीच मापण्याची पद्धत घालून दिली, आणि पुढे जनुकीय परीक्षाही जोडीस आली.

हा खटाटोप निरर्थक नव्हे, याची साक्ष कावेरी देते: तेथे बाहेरून आणलेल्या खुद्रीचे बीज सोडण्यात आले, आणि मूळच्या वशिंडी महाशिराची शास्त्रीय ओळख 2018 साली पक्की होईपर्यंत तो विनाशाच्या कडेला पोहोचला होता. म्हणून वऱ्हाडच्या कोणत्याही जलाशयात परक्या पाण्याचे बीज सोडण्यापूर्वी वर्धेचा आणि पूर्णेचा मासा, तो कोणत्या डोहातून काढला या नोंदीसह, आधी मापून ठेवावा. ठावठिकाणा नसलेले माप कितीही बारीक असले तरी पुराव्यास निकामीच ठरते.