अनंत फंदीचा डफ

उपदेश आणि तमाशा यांचे वैर जुने. इंग्लंडात प्युरिटन नावाचा कर्मठ ख्रिस्ती पंथ होता. त्यातल्या विल्यम प्रिन या वकिलाने १६३३ साली नाटकांवर आग पाखडणारा हजारावर पानांचा ग्रंथ छापला. राणी स्वतः हौसेने नाटकात उतरे. टोला तिलाच, असे ठरून पुढल्या वर्षी प्रिनचे कान कापले गेले! मग पारडे फिरले. १६४२ साली पार्लमेंटने लंडनची नाटकगृहे बंद केली. ती उघडायला १६६० साल उजाडले.

आमच्या संगमनेरची कथा नेमकी उलटी. इथे राणीच सोवळी! अनंत फंदी (१७४४–१८१९) आमच्या गावचा शाहीर. जातीने ब्राह्मण, पण हाती डफ आणि तोंडी लावणी. महेश्वरी अहिल्याबाई होळकरांनी त्याची कानउघाडणी केली आणि त्याने तमाशा सोडून कीर्तन धरले, असे सांगतात. कान इथेही धरला गेला. कापला मात्र नाही!

त्याचे फटके मी वर्गात शिकवतो. सरळ मार्गाने चाला, कुणाला फसवू नका, असा तो उपदेश. हाच मजकूर गद्यात सांगितला, तर मुले जांभया देतात. फटका म्हणताच बाकांवर ठेका धरतात. बोल कीर्तनकाराचे, ठसका फडावरचा. बाईंनी डफ सोडवला. ताल काही सुटला नाही. आम्हा मास्तरांना तो तेवढा लाभला असता, तर छड्या कमी मोडल्या असत्या!