भोजतालावरील वारा

पश्चिम अंबरनाथचा रहिवासी रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेस वालधुनीच्या कांठीं गेला कीं, एक प्राचीन शिवालय त्याच्या दृष्टीस पडतें. तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हें वर्ष आहे. तो काळ शिलाहार राजा मुम्मुणी याचा. देवळाचें शिखर भग्न असलें तरी त्याची भूमिज धाटणी माळव्याच्या परमारांशीं नातें सांगते. त्याच परमार कुळांतील भोजराजानें इ. स. १०२० च्या सुमारास कोंकण जिंकल्याचा उल्लेख ताम्रपटांत सांपडतो. अंबरनाथचा दगड अशा रीतीनें आपणांस माळव्याकडे नेतो; आणि माळव्यांत भोजाची मोठी आठवण पाण्याची आहे.

भोपाळचा विस्तीर्ण तलाव भोजानेंच कोलांस नदीस मातीचा बांध घालून निर्मिला, अशी परंपरा आहे. सुमारें ३१ चौरस किलोमीटरांच्या या जलाशयास आतां भोजताल म्हणतात. भोजपूरजवळचा दुसरा तलाव याहून पुष्कळच मोठा होता. पण पंधराव्या शतकांत सुलतान होशंगशहानें त्याचा बांध फोडला व तळाशीं शेती झाली, असें सांगतात. भोपाळचा बांध तेवढा टिकला.

या टिकलेल्या पाण्यावर आज शिडांची शाळा चालते. शिडाच्या विद्येंत गेल्या शतकांत मोठें स्थित्यंतर घडलें. अमेरिकेंतील न्यूमन डार्बी यानें फळीवर हातीं धरावयाच्या शिडाची माहिती १९६५ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें कॅलिफोर्नियांत जिम ड्रेक व हॉइल श्वाइट्झर यांनीं डोलकाठी फळीस अशा सांध्यानें जोडली कीं, ती कोणत्याहि दिशेस कलावी. मग सुकाणूची गरज उरली नाहीं. शीड पुढें कलविलें म्हणजे फळीचें तोंड वाऱ्यापासून दूर वळतें. मागें कलविलें म्हणजे वाऱ्याकडे येतें. सोसाट्याचा वारा सुटला कीं खेळाडू आपलें अंग वाऱ्याच्या बाजूस झोंकून देतो, आणि पाणी कापीत जाणारी फळी पाण्यावरून घसरूं लागते. हें विंडसर्फिंग १९८४ मध्यें ऑलिंपिक क्रीडांत आलें. त्याच वर्षीं फ्रान्समधील लगेन्यू बंधूंनीं हवेनें फुगविलेल्या पतंगाच्या पेटंटसाठीं अर्ज केला. हा पतंग पाण्यांत पडला तरी पुन्हां उठवितां येतो. पतंगानें फळी ओढून नेण्याच्या खेळास ऑलिंपिकांत प्रवेश मिळावयास मात्र २०२४ साल उजाडलें.

समुद्र आणि तलाव हे दोन निराळे गुरु आहेत. तलावावरचा वारा टेकड्या व इमारती यांना अडखळत येतो. क्षणांत पडतो, क्षणांत उसळतो व दिशा बदलतो. पण त्यास पाण्यावरून धांवण्यास अंतर थोडें, म्हणून लाटा फार चढत नाहींत. पाणी सौम्य आणि वारा लबाड, अशा ठिकाणीं हात लवकर तयार होतो. भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्यें शिकलेली देवास जिल्ह्यांतील शेतकऱ्याची कन्या नेहा ठाकूर हिनें २०२३ मध्यें हांगझोऊच्या आशियाई क्रीडांत शिडाच्या होडीच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें. त्याच क्रीडांत एबाद अली यानें शिडाच्या फळीवर कांस्यपदक पटकाविलें.

परंतु भोजताल हें केवळ क्रीडांगण नव्हे. भोपाळच्या मोठ्या भागास तो पिण्याचें पाणी पुरवितो. २००२ मध्यें त्यास रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला, आणि २०२३ मध्यें राष्ट्रीय हरित लवादानें तेथील यांत्रिक पर्यटकनौकांस मनाई केली. शिडास तेल लागत नाहीं, त्यामुळें पाणी आणि खेळ यांचा येथें विरोध येत नाहीं. सांडपाणी व कांठावरील अतिक्रमण यांचें संकट मात्र शिडानें टळणारें नव्हे; तें नगरवासीयांनींच टाळावयाचें आहे.

अंबरनाथच्या परिसरांतहि चिखलोली आणि बारवी हीं धरणें आहेत. तीं पिण्याच्या व कारखान्यांच्या पाण्यासाठीं बांधलीं गेलीं. आपल्या पाण्यावर पुढें कोणतीं शिडें फिरतील, हें भोजास ठाऊक नव्हतें. त्यानें बांध घातला आणि मागच्यांनीं तो राखला, एवढ्यावर हजार वर्षांनंतरची ही विद्या उभी आहे. वारा प्रत्येक पिढीस आपोआप मिळतो. पाणी आधींच्या पिढीनें राखून ठेवावें लागतें.