ढेकणांची बखर

इतिहास आणि मी यांची फारकत मी अकरावीला कॉमर्स घेतलं त्या दिवशी झाली. दोघांनाही त्याचं फारसं दुःख झालं नाही. पुढे डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे एवढ्या भांडवलावर बँकेत चिकटलो, तो गेली बावीस वर्षं तिथेच आहे. तेव्हा माझ्यासारख्यानं बखर लिहायला बसणं म्हणजे वाण्यानं वैद्यकी करण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. पण प्रसंगच तसा आला. गेल्या पावसाळ्यात एका रात्री अडीच वाजता सौ.नी दिवा लावला, चादर झटकली आणि उशीच्या अभ्र्यावरून लगबगीनं निघालेल्या एका तपकिरी गृहस्थाकडे बोट दाखवून विचारलं, "अहो, हे काय आहे?"

मी पाहिलं. पस्तीस वर्षांनी भेट होत होती, पण शाळेतला मित्र टक्कल पडलं तरी ओळखू येतो, तसं झालं.

"ढेकूण," मी म्हणालो.

"हळू बोला!" सौ. म्हणाल्या. "शेजारी ऐकतील."

या 'हळू बोला'तच ढेकणाच्या दिग्विजयाचं सारं रहस्य आहे, हे मला मागाहून कळलं.

माझं लहानपण चाळीत गेलं. तिथे 'हळू बोला' हा प्रकार नव्हता. महिन्यातून एका रविवारी सगळ्या बिऱ्हाडांच्या लोखंडी खाटा गॅलरीत यायच्या. आत्या उकळत्या पाण्याची किटली घेऊन प्रत्येक सांध्यात धार सोडायची, आजोबा पिसानं रॉकेल लावायचे, आणि आम्हा पोरांकडे मोजदादीचं खातं असायचं. माझ्या पुढच्या नोकरीचा पाया तिथेच घातला गेला असावा. मग आम्ही ब्लॉकमध्ये राहायला आलो, खाटा गेल्या, दिवाण आले, आणि ढेकूण ही गोष्ट टांगा आणि बंब यांच्याबरोबर स्मृतीच्या माळ्यावर गेली.

सौ.नी गजर केल्यावर झोप लागणं शक्यच नव्हतं. पुढच्या पंधरा रात्री मी जागाच होतो. जागं राहायचंच आहे तर निदान शत्रूचा अभ्यास करावा म्हणून वाचायला घेतलं, आणि थक्क झालो. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राजे येतात आणि जातात. पण त्या राजांच्या अंथरुणात जो कायम होता, त्याला एक परिच्छेदसुद्धा नाही!

वास्तविक घराणं केवढं जुनं! पूर्वी विद्वानांचं मत असं होतं की ढेकूण मूळचे गुहेतल्या वटवाघळांवर जगणारे. माणूस गुहेत राहायला गेला तेव्हा त्यांनी तोंडाची चव बदलली. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे ढेकणांचं कुळ सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे वटवाघळांचे सर्वांत जुने अवशेष सापडतात त्याच्याही पाच-सहा कोटी वर्षं आधीचं. डायनोसॉर होते तेव्हा ढेकूण होते. डायनोसॉर गेले. ढेकूण आमच्या दिवाणात आहेत.

इजिप्तमध्ये अमार्ना इथे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची कामगारांची वस्ती उकरली, तर तिथेही ढेकणांचे अवशेष मिळाले. म्हणजे चाळ ही संस्था आणि तिच्यातले हे पोटभाडेकरू दोन्ही मुंबईत सुरू झाले, हा आपला अभिमान व्यर्थ आहे. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी ४२३ साली अ‍ॅरिस्टोफेनिसनं 'क्लाउड्स' नावाचं प्रहसन रंगभूमीवर आणलं. त्यात एक कर्जबाजारी म्हातारा सॉक्रेटिसकडे शिकायला जातो. सॉक्रेटिस त्याला कोचावर पडून चिंतन करायला सांगतो, आणि त्या कोचातले ढेकूण त्याला चिंतन करू देत नाहीत. तत्त्वज्ञान आणि ढेकूण यांच्या सामन्यात पहिला डाव ढेकणांनी जिंकला. रोममधल्या प्लिनीनं मात्र सर्पदंशावरच्या औषधांत ढेकणांची गणना केली आहे. आजार बरा की औषध बरं, असा प्रश्न त्या काळीही पडत असणारच.

आपल्याकडे ढेकणाचं संस्कृत नाव मत्कुण. पंचतंत्रातली गोष्ट आठवा. राजाच्या पलंगात एक ऊ सुखानं नांदत असते. तिथे एक ढेकूण पाहुणा येतो आणि राजरक्ताची चव घेऊ दे म्हणून गळ घालतो. राजा गाढ झोपल्यावरच चाव, अशी अट घालून ऊ त्याला ठेवून घेते. पण पाहुण्याला दम निघत नाही. राजा ओरडत उठतो, सेवक दिवा घेऊन शोधतात. ढेकूण पलंगाच्या सांध्यात पसार होतो आणि बिचारी ऊ वस्त्रात सापडून मारली जाते. तात्पर्य, परक्याला थारा देऊ नये. बँकेच्या भाषेत, अनोळखी माणसाला जामीन राहू नये. पण मला त्या कथाकाराच्या निरीक्षणाचं कौतुक वाटतं. ढेकूण अंगावर राहत नाही. जेवून झालं की लाकडाच्या फटीत जातो, हे त्यानं अचूक टिपलं आहे. आणि एका सुभाषितकारानं तर लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात का झोपतात, याचं कारणच ढेकणांची भीती असं दिलं आहे. देवांनी जागा बदलून पाहिली. तो उपाय आपल्याला परवडत नाही, आणि चालतही नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

सुरतेत तर ढेकणांसाठी धर्मादाय सोय होती. ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री १६८९ साली तिथे आला होता. तो लिहितो की, तिथे जनावरांच्या दवाखान्याजवळ ढेकूण-पिसवांसाठीही एक जागा होती आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत. तो मध्येच पळून जाऊ नये म्हणून त्याला बांधून ठेवत. माणसाला पोटासाठी काय काय करावं लागतं! मार्चअखेरीला रात्री दहापर्यंत खुर्चीला बांधलेल्या आम्हा कारकुनांना तो माणूस आपलाच वाटतो. त्याला ओव्हरटाइम मिळत होता का, एवढं मात्र ओव्हिंग्टननं लिहिलेलं नाही.

इंग्रजांना हसायचंही कारण नाही. १७३० साली लंडनच्या जॉन साउथॉलनं ढेकणांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात ढेकणांच्या सवयी नीट दिल्या आणि ज्या रामबाण द्रवानं ते मरतात त्याची कृती तेवढी गुप्त ठेवली. कारण तो द्रव साउथॉल स्वतः विकत होता. पुढे एकोणिसाव्या शतकात हेन्री मेह्यूनं लंडनच्या कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत राजघराण्याचा ढेकूणमारही भेटतो. त्याचं आडनाव टिफिन! टिफिनसाहेबांनी राजकन्या शार्लटच्या पलंगात तिच्या डोळ्यांदेखत ढेकूण पकडला होता. म्हणजे राजवाड्यातही ढेकूण होते. फक्त तिथे कोणी 'हळू बोला' म्हटलं नाही, सरळ माणूस बोलावला.

आता आरोपीच्या बाजूनंही एक नोंद केली पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळणार नाही. १९०७ साली मद्रासमध्ये पॅटन या संशोधकाला काळ्या आजाराचे जंतू ढेकणाच्या पोटात वाढताना दिसले आणि ढेकणावर संशय आला. खटला पस्तीस वर्षं चालला. १९४२ साली आसाममध्ये स्वयंसेवकांवर प्रयोग झाले आणि खरा गुन्हेगार वाळूमाशी असल्याचं सिद्ध झालं. ढेकूण निर्दोष सुटला! आजतागायत घरातल्या ढेकणानं माणसाला एखादा रोग दिल्याचं सिद्ध झालेलं नाही. तो खाज देतो, झोप घेतो आणि अब्रू घालवतो, एवढंच.

मग आलं डीडीटी. त्याची कीटकनाशक शक्ती पॉल म्युलरनं १९३९ साली शोधली आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच १९४८ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला, की पर्ल हार्बरच्या बराकींतले ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले आहेत. सत्काराचा हार गळ्यात असतानाच वसुलीची नोटीस यावी, तसं. पुढे नवनवी औषधं आली, ढेकूण दबले, आणि लोक त्यांना विसरले. नेमकी तीच चूक झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर ते परत आले. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली कायदा झाला, की घरमालकानं नव्या भाडेकरूला जागेचा ढेकूण-इतिहास लेखी द्यावा. २०२३ साली पॅरिसमध्ये तर सिनेमागृहं आणि आगगाड्यांतल्या ढेकणांनी एवढा हाहाकार उडवला, की पुढच्या वर्षीचं ऑलिंपिक कसं होणार याची चिंता पडली. म्हणजे आमच्या ब्लॉकला मी उगाच कमी लेखत होतो. आम्ही पॅरिसच्या बरोबरीनं होतो.

पण आमच्याकडे हे आले कुठून? ढेकणाला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. तो सामानातून प्रवास करतो. आणि आमच्या घरी नुकतं सामान आलं होतं आत्याचं.

आत्या पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि सहा आठवडे एका शुश्रूषा केंद्रात होती. तिथे दर भेटीत ती दंड दाखवायची. तीन-चार लाल गांध्या, ओळीनं. "रात्री मुंग्या चावतात रे." नर्सबाई म्हणाल्या, घामोळं. डॉक्टरांनी मलम दिलं. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या अंगावर काहीच नव्हतं, तेव्हा आमचं सर्वांचं एकमत झालं, की वयाप्रमाणे आत्याला भास होतात. सौ. म्हणाल्या, "झोपेची गोळी विचारून बघा." मीही विचारली. मग आत्या मुंग्यांचं बोलेनाशी झाली, आणि आम्हाला वाटलं, मलमानं गुण आला.

आता पुस्तकात वाचतो तर काय, ढेकूण चावल्याची खूण प्रत्येकाच्या अंगावर उठत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत न उठण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे शेजारच्या आजींनाही तो चावत असणार. पुरावा नव्हता तो भासाचा नव्हे, वयाचा होता.

शेवटी पेस्ट कंट्रोलचा माणूस बोलावला. विशीतला पोरगा, पण बोलणं अनुभवी डॉक्टरासारखं. त्यानं दिवाणाच्या फळ्या सोडवल्या, बॅटरी मारली, गादीच्या शिवणीवरचे काळे ठिपके दाखवले. "काका, दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. तुमच्या श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर ते तिथेही येतील. महिनोन् महिने उपाशी राहू शकतात, त्यांना घाई नाही." देवांचा उपाय आपल्याला का चालत नाही, ते असं कळलं. "आणि फवारा आणून स्वतः गादीवर मारू नका. ते मरतील की नाही सांगता येत नाही, तुम्ही मात्र आजारी पडाल. रॉकेल तर अजिबात नको, आग लागेल."

मग त्यानं हिशेब सांगितला. मादी रोज एकापासून पाच अंडी घालते. अंडी आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात आणि पिल्लं पाच वेळा कात टाकून दीडएक महिन्यात कर्ती होतात. बावीस वर्षांत चक्रवाढ व्याज मला इतकं स्वच्छ कोणी समजावलं नव्हतं. औषधानं अंडी मरतीलच असं नाही, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी खेप हवीच. पहिल्या खेपेनंतर 'आता कमी झालेत' म्हणून जो थांबतो, तो मुद्दल तसंच ठेवून व्याज भरतो.

कपडे, चादरी, पडदे खोलीतच पिशवीत बांधून न्यायचे, चालतील ते उकळत्या पाण्यात टाकायचे. पन्नास अंशांच्या वरच्या उष्णतेत थोडा वेळ राहिले तर ढेकूणही मरतो आणि अंडीही. नुसतं उन्हात घालून भागत नाही. ढेकूण गादीच्या सावलीच्या बाजूला सरकतो. भिंतीच्या फटी बुजवायच्या. पलंग भिंतीपासून सुटा ठेवायचा आणि पायांखाली गुळगुळीत काठाच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे चढणारे त्यात अडकतात आणि किती उरले तेही कळतं. आणि दवाखान्यातून वा प्रवासातून आल्यावर बॅग पलंगावर ठेवायची नाही. हे सगळं ऐकत आत्या दारात वॉकर धरून उभी होती.

"किटली घे म्हणजे झालं," ती म्हणाली. "सांध्यात धार सोडायची. एवढं शिकायला कॉलेज लागतं का?"

मी म्हणालो, "आत्या, तुला माहीत होतं? तिथेच?"

"नसायला काय झालं? चाळीस वर्षं चाळीत काढली. वासावरून ओळखते मी."

"मग मुंग्या का म्हणालीस?"

आत्या जरा वेळ गप्प राहिली. "अरे, एवढे पैसे भरून ठेवलंत मला. ढेकूण म्हटलं असतं तर तुम्हालाही वाईट वाटलं असतं, आणि त्या नर्सबाईंनाही. त्या पोरीचा काय दोष? म्हटलं, मुंग्या म्हणू. मुंग्यांना अब्रू नसते."

दुसऱ्या दिवशी मी त्या केंद्रात गेलो. मोठ्यानं बोललो. व्यवस्थापक आधी म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नसतं." मी म्हणालो, "साहेब, राजवाड्यात असतं, पॅरिसमध्ये असतं. घाणीमुळे येत नाही, माणसांबरोबर येतं. लाज आणण्यात नाही, लपवण्यात आहे." बखर वाचल्याचा एवढा एकच उपयोग झाला, पण झाला. त्यांनी खाटा, चाकाच्या खुर्च्या आणि बायकांच्या खोलीतल्या गाद्या तपासून घेतल्या. शेजारच्या आजींची गादी उचलल्यावर नर्सबाईंनी तोंडावर हात धरला, असं ऐकलं.

आमच्याकडे दुसरी खेप झाली, मग खात्रीसाठी तिसरीही. आता दोन महिन्यांत वाट्यांमध्ये कोणी सापडलेलं नाही. तरी दर रविवारी आत्या खुर्चीत बसून देखरेख करते, मी फळ्या सोडवतो, आणि आमचे चिरंजीव बॅटरी धरतात. परवा शेजारीण दारात येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, एक विचारायचं होतं... आमच्याकडे रात्री मुंग्या चावतात हो."

सौ. काही बोलायच्या आत, आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, खणखणीत, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा:

"किटली हवीय का?"