लस, सक्ती आणि विश्वास

२०२१ सालीं कोरोनाची लस देशभर टोचली जाऊं लागली, तेव्हां ती घ्यावी कीं न घ्यावी, यावर आपल्या घराघरांतून केवढा वाद माजला होता, याचें स्मरण वाचकांस असेलच. एका पंगतीस बसणारे बापलेक एकमेकांशीं बोलेनासे झाले. एकानें दुसऱ्यास अडाणी म्हणावें व दुसऱ्यानें त्यास सरकारचा भाट ठरवावें, असा प्रकार चालला. त्या वादांत आम्हीहि पडलों होतों, आणि शंका घेणारांविषयीं आम्हीं चार कठोर शब्द वापरले होते, हें कबूल केलें पाहिजे. पुढें रोग ओसरला. शब्द मात्र मागें राहिले. म्हणून आज थोड्या शांत मनानें या शंकेचा इतिहास चाळून पाहावा, असें आम्हांस वाटलें.

लसीविषयींची शंका लसीइतकीच जुनी आहे. जेनरनें आपला शोध १७९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती लस यशस्वीपणें टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही पहिली लस. त्या काळीं लस फार दिवस टिकत नसे; एका मुलाच्या दंडावर फोड आला म्हणजे त्यांतील लस काढून ती दुसऱ्याच्या दंडास लावीत. तेव्हां कोणाच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगीं जाणार, हा प्रश्न आईबापांच्या मनांत उठल्याशिवाय कसा राहील? त्यांत जातीचा अभिमान होता, हें खरें; पण लसीबरोबर दुसराहि रोग येईल, ही भीति निराधार नव्हती, हें पुढें वैद्यकानेंच मान्य केलें. देवीचा कोप होईल, असेंहि पुष्कळांस वाटे. तरीहि या परक्या विद्येस आपल्या भाषेनें 'देवी काढणें' असें घरगुती नांव दिलें, आणि त्या नांवानें ती हळूहळू आपल्या माजघरांत शिरली. मुंबई शहरांत सक्तीचा कायदा झाला तो १८७७ सालीं, म्हणजे पाऊणशें वर्षांनीं.

प्लेगच्या वेळीं मात्र असा अवकाश मिळाला नाहीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगचा रोगी आढळला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानें तेथेंच प्लेगवरील लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. ज्यानें आपला देह आधीं पुढें केला, त्याच्या हेतूविषयीं कोणास शंका यावी? परंतु पुढच्याच महिन्यांत सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यांत रँडसाहेबाच्या हुकुमानें गोरे सोजीर घरोघर शिरले. त्यांनीं देवघरें व स्वयंपाकघरें धुंडाळलीं, सामानसुमान जाळलें, बायामाणसांची तपासणी केली आणि संशयितांस घरांतून उचलून छावणींत नेलें. लोक रोग्यांस लपवूं लागले, आणि लपविलेल्या रोग्यापासून रोग अधिकच पसरला. २२ जूनच्या रात्रीं चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. त्यांत रँड व आयर्स्ट हे दोघे अधिकारी प्राणांस मुकले.

लस आणि लष्कर अशीं एकाच वर्षीं दारीं आलीं, आणि घाबरलेल्या माणसास त्यांतील भेद दिसला नाहीं. ज्यांनीं सोजिरांच्या वर्तनाचा निषेध केला, ते सारे शास्त्राचे वैरी नव्हते. टिळकांनीं सरकारी जुलमावर टीका केली. पण ते शहर सोडून गेले नाहींत, आणि प्लेगच्या रोग्यांसाठीं इस्पितळ उघडण्यांत ते पुढें होते. सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या मुलाच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली, व त्या सेवेंतच रोग जडून १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या दारीं रोगी आपण होऊन आणले जात. सोजिरांपासून ते लपविले जात.

शंका नेहमींच खोटी ठरते, असेंहि नाहीं. पंजाबांतील मुल्कोवाल येथें ऑक्टोबर १९०२ मध्यें हाफकिनची लस टोचलेल्या १०७ जणांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. सारा दोष हाफकिनच्या माथीं आला. दूषित झालेली बाटली एकच होती, आणि तिचा दोष प्रयोगशाळेकडे जात नाहीं, हें पटून त्याची मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडलें. परळच्या त्याच्या संस्थेस त्याचें नांव मिळालें, तें १९२५ सालीं. परंतु ज्यांच्या घरचें माणूस गेलें, त्यांस हा निकाल कोण समजावून सांगणार?

आतां या इतिहासाचें एक वेगळें पान पाहावयाचें, तर पुण्याहून नगर जिल्ह्यांत पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीस गेलें पाहिजे. १९७५ सालीं लष्करांतील नोकरी संपवून अण्णा हजारे या दुष्काळी गांवीं परतले. गांवानें पुढें जीं पांच बंधनें स्वीकारलीं, त्यांत नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांबरोबर नसबंदीहि होती. नसबंदी म्हणजे लस नव्हे. परंतु निरोगी देहास वैद्याचा हात लागणार, ही धास्ती दोहोंत सारखीच. आणि काळ कोणता? आणीबाणींत सक्तीच्या नसबंदीनें देश हादरला होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ सालीं तशा सक्तीचें विधेयकहि संमत केलें. त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं, इतकेंच. ज्या शब्दानें इतरत्र माणसें शेतांत लपत, तोच शब्द राळेगणनें आपल्या व्रतांत घातला. कारण तो बोलणारे ओळखीचे होते, आणि त्यांनीं आधीं गांवाच्या विहिरींस पाणी आणलें होतें.

राळेगणचा कित्ता गिरविणाऱ्या नगर तालुक्यांतील हिवरे बाजारनें २०२१ च्या लाटेंत गांवकऱ्यांच्याच तुकड्या केल्या व त्यांकडून घरोघर तपासणी करविली. कृति तीच, जी रँडच्या सोजिरांनीं केली. पण येथें उंबऱ्यांत उभा राहणारा शेजारी होता. उद्यां त्यासहि याच गांवांत तोंड दाखवावयाचें होतें.

तथापि गांवचा हात नेहमीं हळुवार असतो, असें समजूं नये. राळेगणांत दारुड्यांस खांबास बांधून फटके मारल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. ज्याच्या पाठीवर वळ उठले, त्यास ही सक्ती सरकारी सक्तीहून गोड लागली असेल काय? तसेंच, थोर पुरुषावरील विश्वास म्हणजे सत्याचा पुरावाहि नव्हे. अण्णांचे आदर्श जे गांधीजी, त्यांनीं आपल्या आरोग्यविषयक लिखाणांत देवी काढण्यास स्पष्ट विरोध केला होता. पण इतिहासानें निकाल लसीच्या बाजूनें दिला. अण्णा राळेगणीं परतले त्याच वर्षीं, मे १९७५ मध्यें, हिंदुस्थानांत देवीचा शेवटचा रोगी आढळला, आणि ८ मे १९८० रोजीं सारें जग त्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. लस खरी कीं खोटी, हें पुराव्यानें ठरतें. ती दारांतून आंत येईल कीं नाहीं, हें मात्र आणणाऱ्याच्या पूर्वचरित्रावर ठरतें.

ज्या पुण्यांत १८९७ सालीं सोजीर फिरले, त्याच पुण्यांत २०२१ सालीं कोव्हिशील्ड लस तयार होऊन ती देशभर गेली. ज्ञानाची ही मजल लहान नव्हे. विश्वासाची मजल मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें मारावी लागते, आणि ती सांथ आल्यावर मारतां येत नाहीं. ती आधींच, पाण्याच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या रोजच्या कामांतून मारून ठेवावी लागते. आम्हीं ज्यांस अडाणी म्हटलें, त्यांस 'तुम्हांस भीति कसली वाटते?' असें एकदांहि विचारलें नव्हतें. पुढची सांथ येईल तेव्हां पहिला प्रश्न तोच विचारावा, एवढेंच या इतिहासानें आम्हांस शिकविलें.