डिसिल्वा, आमान्सिओ

डिसिल्वा, आमान्सिओ : (१९३६–९६). गोमंतकीय वंशाचे भारतीय जॅझ गिटारवादक व संगीतरचनाकार. लंडनमध्ये १९६९ ते १९७२ या अल्पकाळात निघालेल्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांची कीर्ती मुख्यतः अधिष्ठित आहे. जॅमेकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्या समवेत त्यांनी केलेली हम दोनो (१९६९) ही ध्वनिमुद्रिका यांपैकी सर्वांत महत्त्वाची मानली जाते. रूढ अर्थाने डिसिल्वा हे मुक्त जॅझचे वादक नव्हते. तथापि मुक्त जॅझने जे बंध सैल केले, त्यांमुळेच त्यांच्या भारतीय वळणाच्या सुरावटींना जॅझमध्ये स्वाभाविक स्थान मिळू शकले. या दृष्टीने त्यांची कारकीर्द अभ्यसनीय आहे.

डिसिल्वा यांचा जन्म मुंबईत झाला. त्यांच्या घडणीमागे गोमंतकीय वादकांची दीर्घ परंपरा उभी होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी संलग्न असलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिनवादन व समूहगायन यांचे पद्धतशीर शिक्षण मिळत असे. हे शिक्षण मुळात उपासनासंगीतासाठी असले, तरी त्यातून पाश्चात्त्य स्वरलेखन वाचू शकणारा वादकवर्ग तयार झाला. गोव्यात उपजीविकेची साधने अपुरी असल्याने हे वादक मुंबई, कलकत्ता, कराची इ. शहरांत गेले आणि लष्करी बँड, मूकपटांची चित्रपटगृहे, हॉटेलांतील नृत्यवृंद व पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद यांत स्थिरावले.

मुंबईत जॅझ रुजविण्यात ताजमहाल हॉटेलचा वाटा मोठा होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा वृंद तेथे आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड यांनीही मुंबईत वादन केले. या वादकांच्या सान्निध्यात फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वादक तयार झाले. आल्डोना येथे जन्मलेले ट्रंपेटवादक आंतोनिओ शाव्हिएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–६७) यांनी स्वतःचा वृंद चालविला, तसेच संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही मोलाचे साहाय्य केले. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यान्वये दारूबंदी आल्यावर रात्रीच्या करमणुकीचा व्यवसाय मंदावला आणि पुष्कळ वादकांना चित्रपटसृष्टीचा आधार घ्यावा लागला. दिवसा लिहून दिलेले स्वर बिनचूक वाजवायचे आणि रात्री जॅझमधील उत्स्फूर्त आविष्कार करायचा, अशी दुहेरी सवय या पिढीच्या हाती बसली. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे क्वचितच आढळतात.

डिसिल्वा गिटार बव्हंशी स्वप्रयत्नाने शिकले. नृत्यवृंदात गिटार हे दीर्घकाळ केवळ लय व स्वरसंघ यांची साथ करणारे वाद्य होते. १९३९ नंतर अमेरिकन वादक चार्ली क्रिस्चन याने विद्युत् गिटारला एकलवादनाचा दर्जा मिळवून दिला आणि सॅक्सोफोनप्रमाणे सलग, लांब पल्ल्याच्या स्वरपंक्ती गिटारवर वाजविण्याची रीत रूढ झाली. डिसिल्वा यांचे वादन याच परंपरेतील होते; परंतु स्वर किंचित ओढून लांबविणे, एकाच स्वराभोवती घोटाळत राहणे व आधारस्वराकडे पुनःपुन्हा परतणे, ही त्यांच्या वादनाची वैशिष्ट्ये भारतीय तंतुवाद्यांची आठवण करून देतात. भारतात असताना त्यांनी निरनिराळ्या शहरांत व्यावसायिक वादन केले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय त्यांना लाभला होता. ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ या त्यांच्या पुढील रचनांची नावे त्या काळाची निदर्शक आहेत. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कौटुंबिक कारणांमुळे ते लंडनला स्थायिक झाले.

डिसिल्वा लंडनला पोहोचले, तेव्हा तेथील जॅझमध्ये दोन महत्त्वाचे प्रयोग होऊन गेले होते आणि त्या दोहोंच्या केंद्रस्थानी जो हॅरियट (१९२८–७३) हाच होता. किंग्स्टन येथे जन्मलेला हॅरियट १९५१ मध्ये इंग्लंडला आला आणि चार्ली पार्करच्या शैलीतील निष्णात ऑल्टो सॅक्सोफोनवादक म्हणून नावाजला गेला. १९५८ मध्ये आजारपणामुळे रुग्णालयात असताना त्याच्या मनात नव्या संगीताची कल्पना आकारास आली. जॅझमध्ये सामान्यतः एखाद्या गीताची सुरावट प्रथम वाजवितात व नंतर त्या गीतातील स्वरसंघांच्या ठरावीक क्रमावर प्रत्येक वादक आळीपाळीने उत्स्फूर्त आविष्कार करतो. तबल्याच्या आवर्तनाप्रमाणे हा क्रम फिरत राहतो. हॅरियटने स्थिर लय, ठरावीक मात्रागणना, पूर्वनियोजित स्वरसंघक्रम व विभागांची निश्चित लांबी यांपैकी काही किंवा सर्व घटक गरजेनुसार वर्ज्य करण्याची मुभा वादकांना दिली. त्याऐवजी परस्परांचे वादन लक्षपूर्वक ऐकून त्यास तत्काळ प्रतिसाद देणे, हा नव्या संगीताचा पाया ठरला. फ्री फॉर्म, ॲब्स्ट्रॅक्ट आणि मूव्हमेंट या त्याच्या तीन ध्वनिमुद्रिका १९६१ ते १९६३ या काळात प्रसिद्ध झाल्या. पहिलीचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९६० मध्ये झाले; अमेरिकेत ऑर्नेट कोलमनच्या फ्री जॅझ या ध्वनिमुद्रिकेचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाले. ‘मुक्त जॅझ’ ही संज्ञा रूढ झाली ती कोलमनच्या ध्वनिमुद्रिकेवरून. हॅरियटचा मार्ग मात्र त्याहून स्वतंत्र होता. अमेरिकेतील डाऊन बीट या नियतकालिकाने ॲब्स्ट्रॅक्टला सर्वोच्च श्रेणी दिली. परंतु इंग्लंडमध्ये या संगीतास पुरेसा श्रोतृवर्ग लाभला नाही.

हॅरियटचा दुसरा प्रयोग कलकत्त्यात जन्मलेले संगीतरचनाकार जॉन मेयर (मृत्यू २००४) यांच्या सहकार्याने झाला. निर्माता डेनिस प्रेस्टन याच्या पुढाकाराने पाच जॅझवादक व मेयर यांचे पाच सहकारी यांचा संयुक्त वृंद स्थापन झाला आणि इंडो-जॅझ स्वीट (१९६६) व इंडो-जॅझ फ्यूजन्स (१९६७) इ. ध्वनिमुद्रिका निघाल्या. या वृंदात मुंबईचे तबलावादक केशव साठे होते. सतारीवर दिवाण मोतीहार आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर यांची साथ होती. साठे व मोतीहार यांनी १९६७ मध्ये जर्मनीत जॅझ मीट्स इंडिया या ध्वनिमुद्रिकेतही भाग घेतला. तीत त्यांच्यासोबत वाजविणारी स्विस पियानोवादक इरेन श्वायत्सर व जर्मन ट्रंपेटवादक मान्फ्रेट शूफ हे दोघे पुढे यूरोपीय मुक्त संगीताचे अग्रणी ठरले. मेयर यांच्या रचना बव्हंशी लिहिलेल्या असत. रागाधारित भाग भारतीय वादकांनी व उत्स्फूर्त भाग जॅझवादकांनी सादर करावा, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी होती. दोन्ही पक्ष शेजारी बसत. एकमेकांत मिसळण्यास त्यांना मर्यादित वाव होता.

रागसंगीत व जॅझ यांच्या मीलनातील मूळ अडचण येथे ध्यानात घ्यावयास हवी. रागात षड्ज अचल असतो आणि सुरावटीचा सर्व विस्तार त्याच्या संदर्भात होतो. जॅझमध्ये स्वरसंघ बदलत असल्याने सुरावटीखालील आधारच सतत सरकत राहतो. त्यामुळे नेहमीच्या जॅझगीतात रागाचा विस्तार करू पाहिल्यास त्याचे रूप मोडते. १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिसने स्वरसंघांऐवजी स्वरसप्तकांवर आधारलेल्या रचना पुढे आणल्या. जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये ‘इंडिया’ ही रचना वाजविली. आणि मुक्त जॅझने तर स्वरसंघक्रमाची सक्तीच दूर केली. या तिन्ही घटनांनी आधारस्वर स्थिर ठेवून दीर्घ विस्तार करण्यास जॅझमध्ये जागा निर्माण झाली. डिसिल्वा यांच्यासारख्या वादकाला अनुकूल ठरलेली भूमी ती हीच होय.

इंटिग्रेशन (१९६९) ही डिसिल्वा यांच्या नावाने निघालेली पहिली ध्वनिमुद्रिका. तिचा निर्माताही प्रेस्टनच होता. तीत सॅक्सोफोनवादक डॉन रेंडेल व ट्रंपेटवादक इअन कार या त्या वेळच्या नामवंत ब्रिटिश वादकांनी त्यांना साथ केली. ‘गँजिस’ (गंगा), ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’, ‘जयपूर’ इ. रचना त्यांच्या स्वतःच्या होत्या. या ध्वनिमुद्रिकेत सतार किंवा तबला नाही. बास, ड्रम, गिटार व सुषिर वाद्ये हा जॅझचाच वाद्यमेळ असून भारतीयत्व आहे ते सुरावटींच्या ठेवणीत. पियानो वगळल्यामुळे स्वरसंघांचे दाट आच्छादन दूर झाले आणि गिटारच्या एकेरी स्वरपंक्तीस मोकळा अवकाश मिळाला.

त्याच वर्षीच्या हम दोनोमध्ये डिसिल्वा व हॅरियट एकत्र आले. इअन कार, बासवादक डेव्ह ग्रीन, ड्रमवादक ब्रायन स्प्रिंग आणि गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा त्यात सहभाग होता. विन्स्टन यांनी शब्दरहित कंठसंगीत योजून आवाजाला वाद्याचे स्थान दिले. हे गायन काही अंशी आपल्याकडील आलापाच्या जवळचे वाटते. ‘बॅलड फॉर गोवा’ ही या संचातील रचना डिसिल्वा यांच्या पितृभूमीचे नाव धारण करते, तर ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’ या शीर्षकात एका प्रसिद्ध आफ्रो-अमेरिकन भक्तिगीताच्या नावावर श्लेष साधून सहवादकांची नावे गुंफली आहेत. हॅरियटच्या वादनाला येथे दोन्ही पूर्वप्रयोगांची पार्श्वभूमी आहे. मुक्त शैलीत त्याने सहवादकांना प्रतिसाद देण्याची जी दृष्टी कमावली होती, ती येथे प्रकट होते. मेयर यांच्या वृंदात त्याने आत्मसात केलेले स्थिर आधारस्वरावरील विस्ताराचे तंत्रही येथे उपयोगी पडते. फरक इतकाच, की आता समोर दुसऱ्या परंपरेचा वेगळा गट नव्हता. जॅझची भाषा आणि भारतीय सुरावटीचा संस्कार हे दोन्ही एकाच गिटारवादकाच्या हाती एकवटलेले होते. दोघेही वसाहतींतून आलेले होते. दोघांच्याही बाबतीत जॅझ हे परक्यांकडून घेऊन आपलेसे केलेले संगीत होते. ‘हम दोनो’ या शीर्षकास या संदर्भात विशेष अर्थ प्राप्त होतो.

हे सहकार्य दीर्घकाळ टिकले नाही. हॅरियटची प्रकृती व आर्थिक स्थिती खालावत गेली आणि २ जानेवारी १९७३ रोजी साउदॅम्प्टन येथे कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. दरम्यान डिसिल्वा यांची रिफ्लेक्शन्स (१९७१) ही ध्वनिमुद्रिका निघाली. कॉस्मिक आय या वृंदाच्या ड्रीम सीक्वेन्स (१९७२) मध्ये त्यांनी सतार व तबला या वाद्यांनाही सामावून घेतले. केशव साठे तीत तबलावादक होते. याच काळात ध्वनिमुद्रित झालेली कोंकण डान्स मात्र त्यांच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. सत्तरीच्या दशकात इंग्लंडमध्ये रॉक संगीताच्या वाढत्या प्रभावामुळे जॅझच्या ध्वनिमुद्रिकांना बाजारपेठ उरली नव्हती, हे यामागील एक प्रमुख कारण होते. डिसिल्वा यांच्या पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकाही विक्रीतून नाहीशा झाल्या आणि संग्राहकांपुरत्या उरल्या. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

डिसिल्वा यांच्या उपेक्षेस परिस्थितीबरोबरच संगीतेतिहासाच्या लेखनातील रूढ विभागणीही कारणीभूत आहे. पाश्चात्त्य लेखकांच्या जॅझ-इतिहासात भारतीय नाव येते ते बहुधा सतार किंवा तबला यांच्या संदर्भात; गिटार वाजविणारा भारतीय त्या चौकटीत बसत नाही. भारतीय संगीताचे इतिहास रागपरंपरा व घराणी यांभोवती रचलेले असल्याने मुंबईच्या हॉटेलांतून व चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाढलेल्या गोमंतकीय वादकांना त्यांत अभावानेच स्थान मिळते. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवास प्रारंभ झाला आणि भारतीय व परदेशी वादक एकाच व्यासपीठावर येऊ लागले. परंतु तोवर डिसिल्वा यांचा ध्वनिमुद्रणाचा महत्त्वाचा काळ संपलेला होता. कोंकण डान्स ही ध्वनिमुद्रिका अखेर २००६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. तेव्हापासून त्यांच्या संगीताचा नव्याने विचार होऊ लागला असून भारतीय व पाश्चात्त्य संगीताच्या मीलनाच्या इतिहासात त्यांच्या कार्याची नोंद घेणे आवश्यक ठरले आहे.